एक कमी आहे

पोट उघडायची शस्त्रक्रिया असेल तर ती डॉक्टर हरिप्रियानेच करायची, असा काही लेखी नियम तिच्या दवाखान्यात नव्हता. पण बारा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. वेलचेरी स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, एका गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर तिचा जनावरांचा दवाखाना. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून औषधांची कपाटं जमिनीपासून हातभर वर ठोकलेली. माणसं नऊ. त्या नऊ जणांच्या पाळ्या हरिप्रिया ठरवायची, औषधांची मागणी तीच लिहायची, टेबलावर कुठली कात्री कुठल्या बाजूला ठेवायची तेही तीच सांगायची. हात विलक्षण चपळ. पेरुंगुडीच्या सोसायट्यांमधून, थेट अण्णा नगरहूनही लोक कुत्री-मांजरं घेऊन यायचे ते त्या हातांसाठी, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ती दवाखाना चालवणाऱ्या पशुवैद्यांसाठीच्या एका शिबिराला गेली होती. दर आठवड्याला सगळ्यांची बैठक घ्या, असं तिथे सांगितलं गेलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी बैठक व्हायची. वीस मिनिटांची. त्यातली अठरा मिनिटं हरिप्रिया बोलायची आणि उरलेल्या दोन मिनिटांत कुणाला काही विचारायचंय का, असं विचारायची. कुणाला काही विचारायचं नसायचं. सगळं सुरळीत चाललंय, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी बालाजीराव त्यांच्या रंगीला घेऊन आले. बालाजीराव तंजावरचे, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आता पेरुंगुडीत मुलाकडे राहत होते. हरिप्रियाच्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून ती त्यांना मामा म्हणायची आणि दोघं आपापसात घरातली, तंजावरची जुन्या वळणाची मराठी बोलायची. बाकी दवाखान्याचा सगळा कारभार तमिळमध्ये. रंगी नऊ वर्षांची, तांबूस रंगाची, तंजावरच्या त्यांच्या गल्लीत जन्मलेली कुत्री. तिच्या गर्भाशयात पू झाला होता, ते काढावं लागणार होतं. त्या दिवशी बाहेर अकरा जण ताटकळत होते. हरिप्रियाने तिला लगेच टेबलावर घेतलं, थोडा जास्त रक्तस्राव झाला तो आवरला, आणि पाऊण तासात पोट शिवून मोकळी झाली. आठ दिवसांनी टाके काढले तेव्हा रंगी शेपटी हलवत होती.

विसाव्या दिवशी बालाजीराव पुन्हा आले. रंगीने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, अंगात ताप होता. हरिप्रिया आत एका मांजरीवर काम करत होती, म्हणून रंगीला नित्याने तपासलं. नित्या तिच्या हाताखालची डॉक्टर, तीन वर्षं इथे होती. पोटात हाताला काहीतरी टणक लागलं म्हणून तिने सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग बालाजीरावांना बाहेर बसवून हरिप्रियाला बोलावून आणलं.

हरिप्रियाला एका नजरेत कळलं. पडद्यावर पांढरी कमानदार रेघ आणि तिच्याखाली काळी सावली. अशी चित्रं तिने पुस्तकात पाहिली होती आणि दुसऱ्यांच्या चुका म्हणून पाहिली होती. रक्त टिपायची गॉजची घडी आत राहिली होती.

"टाक्याच्या दोऱ्याची गाठ असेल," ती म्हणाली.

नित्याने यंत्र बंद केलं. रंगीला वसंताने धरलं होतं. वसंता शस्त्रक्रियेच्या खोलीतली मदतनीस, दवाखाना उघडला त्या दिवसापासूनची. हरिप्रियापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी तिला मानाने अम्मा म्हणणारी, कमी बोलणारी बाई. दोघींचे चेहरे इतके सारखे कोरे होते की हरिप्रियाला तिथे उभं राहवेना. ती आपल्या खोलीत गेली आणि तिने उन्मेषला फोन लावला.

उन्मेष तिच्या वर्गातला, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा स्वतःचा दवाखाना. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सल्ला दिला. दोऱ्याची गाठ म्हणून सांग, पोट उघड, काढून टाक, एक पैसा घेऊ नकोस, म्हातारे उलट आभार मानतील. तू सांगितलं नाहीस तर कोण बघायला येतंय? त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, मैत्रिणीला वाचवायची घाई होती. आपणही त्याला हेच सांगितलं असतं, असं हरिप्रियाच्या मनात आलं. कोण बघायला येतंय, या प्रश्नाला मात्र उत्तर होतं. दोघी जणी बाजूच्याच खोलीत उभ्या होत्या.

ती परत तिथे गेली. रंगी निजून होती, वसंता तिच्या कानामागे खाजवत होती. हरिप्रियाने दार लोटून घेतलं.

"वसंता, त्या दिवशी गॉज मोजले होतेस?"

"मोजले होते, अम्मा."

"किती भरले?"

"एकोणीस." वसंताने मान वर केली नाही. "वीस काढले होते."

"मग सांगितलं का नाहीस?" हरिप्रियाचा आवाज चढला, तिला स्वतःलाही तो ऐकू आला.

"सांगितलं होतं," वसंता म्हणाली. "तुम्ही शेवटचे टाके घालत होतात. एक कमी आहे, म्हटलं. तुम्ही म्हणालात, बादलीत असेल."

हरिप्रिया नाही म्हणणार होती. पण शब्द तोंडाशी येईपर्यंत तिला ते आठवलं. वाक्य नव्हे, आधी आपला सूर आठवला, चिलट हाकलावं तसा. बाहेर अकरा माणसं, हातात सुई, आणि मागून येणारा तो बारीक आवाज. "बादलीत असेल." वर आणखी काहीतरी म्हटलं होतं, कामाकडे लक्ष दे किंवा तसंच काही.

"मग तू बादलीत पाहिलंस?"

"दोनदा पाहिलं. नव्हता. तोवर तुम्ही पुढच्या केसला गेलात." वसंता पुन्हा रंगीच्या कानामागे खाजवू लागली. "एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं की तुम्हाला राग येतो."

नित्या खिडकीकडे बघत होती. तिलाही हे माहीत असणार, आणि बाहेर बसून लोकांना वेळा देणाऱ्या महेशलाही, हे हरिप्रियाच्या तेव्हाच ध्यानात आलं. वीस दिवस सगळ्या दवाखान्याला एका गॉजचा हिशेब लागत नव्हता आणि फक्त तिला एकटीला ते ठाऊक नव्हतं.

बालाजीराव बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर रंगीचा पट्टा नीट गुंडाळलेला. हरिप्रियाने त्यांना आपल्या खोलीत नेलं, बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. बोलायला लागल्यावर ते वाटलं होतं त्याहून लवकर सांगून झालं. रंगीच्या पोटांत गॉजची एक घडी राहिली आहे. मागच्या शस्त्रक्रियेंत राहिली. आज काढावी लागेल, आणि तिचें वय पाहतां धोका आहे.

म्हाताऱ्यांनी गुंडाळलेला पट्टा उलगडला. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या ध्यानांत आलें नाहीं?"

इथे क्षणभर निसटायला वाट होती. शनिवारची गर्दी, रक्तस्राव, मोजणारी बाई. हरिप्रियाला ती वाट दिसली आणि ती घेण्याची इच्छाही झाली.

"आलें होतें, मामा. वसंतानें मला सांगितलें. मी ऐकलें नाहीं."

बालाजीरावांनी पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांना राग आला होता, पण तो आवाजात न येता मानेच्या शिरांत दिसत होता. तिला वाटलं, आता ते रंगीला उचलून दुसरीकडे नेतील आणि संध्याकाळपर्यंत वेलचेरीतल्या सगळ्या कुत्रेवाल्यांना हे कळेल. तसं झालं तरी तिला बोलायला जागा नव्हती.

"दुसरीकडे नेण्यांत वेळ जाईल," ते शेवटी म्हणाले. "इथेंच करा. पण तूं करूं नको."

"मामा, हें अवघड काम आहे. आतडीं चिकटलेलीं असतील. मी..."

"ती दुसरी पोर करूं दे. ती यंत्र फिरवीत होती तेव्हां मी विचारलें, काय दिसतें? ती म्हणाली, मला नक्की कळत नाहीं सर, मॅडमला विचारतें. सरळ बोलली." ते उठले. "तूं आंत जाऊं नको असें म्हणत नाहीं. पण सुरी तिच्या हातांत असूं दे."

हरिप्रियाने केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली आणि त्यांना वाचायला दिलं. मग नित्याला सांगितलं. नित्याचा चेहरा उतरेल अशी तिची अपेक्षा होती. नित्याने फक्त विचारलं, भूल कोण देईल? मग ती हात धुवायला गेली. तेव्हा हरिप्रियाला आठवलं की इथे येण्यापूर्वी नित्या दोन वर्षं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात होती. दिवसाला आठ-दहा पोटं उघडायची. मुलाखतीत तिने ते सांगितलं होतं, आणि हरिप्रियाने मान डोलावून तिला लसी आणि जखमा नेमून दिल्या होत्या.

हरिप्रियाने भूल सांभाळली. रंगीच्या डोक्याशी बसून श्वास मोजायचे, औषध कमी-जास्त करायचं. तिथून पोटातलं नीट दिसत नव्हतं, आणि ते एका परीने बरंच होतं. वसंताने गॉज मोठ्याने मोजून ट्रेमध्ये मांडले. एक, दोन, तीन, दहापर्यंत. दवाखान्यात असं मोठ्याने कधी मोजलं गेलं नव्हतं. नित्याने ते पुन्हा एकदा मोजले आणि मगच चीर दिली.

नित्याचे हात हरिप्रियाच्या निम्म्या वेगाने चालत होते. चरबीच्या पडद्याने घडीभोवती घट्ट गोळा करून टाकला होता आणि आतड्याचं एक वेटोळं त्याला चिकटलं होतं. हरिप्रियाची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. डावीकडून सोडव, तिला सांगावंसं वाटत होतं, डावीकडून सोपं जाईल. नित्याने डावीकडूनच सोडवलं, पण दहा मिनिटांनी. गोळा बाहेर आला तेव्हा आतड्याचा तो बोटभर भाग जांभळट दिसत होता.

"मॅडम," नित्या म्हणाली, "एकदा बघता का?"

हरिप्रियाने भूलयंत्राकडे लक्ष ठेवायला वसंताला सांगितलं आणि वाकून पाहिलं. तिने स्वतः केलं असतं तर तो भाग कापून दोन टोकं जोडली असती, हात वळवला की काम संपलं. पण कापलेलं आतडं तापात असलेल्या म्हाताऱ्या कुत्रीला झेपेलच असं नव्हतं.

"दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. "कापून जोडता येईल. नाहीतर कोमट सलाईनचा गॉज ठेवून पाच मिनिटं वाट बघता येईल, रंग येतो का ते. मी बहुतेक कापलं असतं. पण केस तुझी आहे."

नित्याने थोडा विचार केला. "वाट बघू."

पाच मिनिटं दोघी त्या बोटभर आतड्याकडे बघत राहिल्या, वसंता भूलयंत्राकडे. साडेतीन मिनिटं झाली तरी काही नव्हतं. मग कडेने फिकट गुलाबी रंग चढायला लागला, आणि नित्याने चिमटा हलकेच लावला तेव्हा तो भाग आकसला. नित्याने श्वास सोडला तो तोंडावरच्या मास्कमधूनही ऐकू आला. पोट शिवण्याआधी वसंताने गॉज मोजले. दहा आणि तो जुना एक, अकरा. तो जुना तिने वेगळ्या ताटलीत ठेवला होता.

रंगी पाच दिवसांनी घरी गेली. बालाजीरावांनी नित्याचे आभार मानले, वसंताचे मानले, हरिप्रियाकडे बघून मान हलवली आणि तिला एवढंच म्हणाले, "पुढच्यांस सांभाळ." त्यांनी कुणाला काही सांगितलं की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी बैठकीत हरिप्रियाने जे झालं ते सगळं नऊ जणांना सांगितलं. वसंताने सांगितलं, मी ऐकलं नाही, हे वाक्य तिने दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हणताना आवाज दबला होता. यापुढे पोट शिवण्याआधी गॉज मोठ्याने मोजायचे, आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा, आकडा जमेपर्यंत शिवायचं नाही, आणि थांबा म्हणायचा अधिकार वसंताचा. मग तिने विचारलं, आणखी काय काय आहे जे मला सांगायचं राहून गेलंय? कुणी बोललं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. ती गप्प बसून राहिली, तेही गप्प बसून राहिले, बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत राहिले.

तिसऱ्या सोमवारी वसंतानेच तोंड उघडलं. उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राचं घड्याळ गेले चार महिने मागे चालतंय, आम्ही अंदाजाने दहा मिनिटं जास्त ठेवतो. हरिप्रियाने त्याच दिवशी माणूस बोलावून घड्याळ बदलून घेतलं. हे बघून महेशला धीर आला. तो म्हणाला, मॅडम, एकाच वेळेला दोन-दोन माणसं तुम्हीच लिहायला लावता आणि शिव्या मी खातो. यावर हरिप्रिया भडकली. बाहेर बसून वेळा लिहिण्यापलीकडे तुला काय काम असतं, असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली. खोली पुन्हा पहिल्यासारखी गार झाली. दुपारपर्यंत तिला काही सुचेना. मग ती बाहेर महेशच्या टेबलापाशी गेली आणि दोन बाया मांजरांच्या टोपल्या घेऊन बसल्या असताना, त्यांच्यासमोरच, सकाळचं माझं चुकलं म्हणाली. महेशने मान खाली घालून संगणकावर काहीतरी टाइप केलं. त्या आठवड्यापासून दर तासाला दोन जागा मोकळ्या राहायला लागल्या.

नोव्हेंबरमध्ये एका लॅब्राडॉरचं पोट शिवताना वसंता म्हणाली, "थांबा, अम्मा. एक कमी आहे." हरिप्रियाच्या हातात सुई होती, बाहेर माणसं होती, आणि पोटात काही नाही याची तिला शंभर टक्के खात्री होती. तिने दात आवळले आणि सुई खाली ठेवली. पोट पुन्हा तपासलं, बादली उपडी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं. बारा मिनिटांनी तो गॉज सापडला, कुत्र्याच्या अंगावरच्या हिरव्या कापडाच्या घडीत. बारा मिनिटं वाया गेली असं तिला वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही. तरी फळ्यावर आकडा लिहिल्यावर ती वसंताला म्हणाली, "पुढच्या वेळीही असंच थांबव." वसंताने बरं म्हटलं आणि वापरलेली उपकरणं धुवायला नेली.

नित्याचं मात्र वेगळंच झालं. रंगीच्या शस्त्रक्रियेनंतर हरिप्रियाने मंगळवार आणि शुक्रवार तिच्या शस्त्रक्रियांना दिले होते, आणि नित्या त्या दिवशी लवकर यायची, जाताना शीळ घालायची. डिसेंबरात तिने राजीनामा आणून दिला. अण्णा नगरच्या एका मोठ्या प्राणी-रुग्णालयाने तिला जुलैतच विचारलं होतं. तेव्हा तिने होकार देऊन टाकला होता, मग तारीख पुढे ढकलत राहिली होती.

"आता तर तुला हवं ते काम मिळतंय," हरिप्रिया म्हणाली.

"हो. म्हणूनच चार महिने राहिले," नित्या म्हणाली. "पण मॅडम, तीन वर्षं मला वाटत होतं की मला काही येत नाही. आता येतं हे कळलंय, तर दुसरीकडे जाऊन बघायचंय. रागाने जात नाहीये."

हरिप्रियाला लागायचं ते लागलंच. दोन दिवस राजीनामा खणात तसाच पडून राहिला. मग तिने नित्याला शिफारसपत्र लिहून दिलं. त्यात रंगीचा प्रसंग होता, कुणाच्या चुकीमुळे तो घडला तेही होतं.

जानेवारीत सौम्या नावाची नवी डॉक्टर आली, कॉलेजातून बाहेर पडून दीड वर्ष झालेली. पहिल्या महिन्यात हरिप्रिया तिच्यासोबत टेबलाशी उभी राहिली, दुसऱ्या महिन्यात खोलीत कोपऱ्यात बसली. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सौम्याची एका मांजरीवर शस्त्रक्रिया होती, तेव्हा हरिप्रिया बाहेर महेशच्या शेजारी येऊन बसली. तिथे तिला करण्यासारखं काही नव्हतं. तिने पेनांचा डबा सरळ केला, लसीकरणाची पत्रकं एकावर एक रचली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मांजरीला वीस मिनिटं जास्तच. ती उठली आणि आतल्या दारापर्यंत गेली.

दार उघडून वसंता बाहेर आली, हातात रिकामी सलाईनची बाटली.

"सौम्याने बोलावलंय मला?"

"नाही."

"काही अडलंय?"

"नाही, अम्मा. सावकाश चाललंय."

हरिप्रिया एक क्षण तिथे उभी राहिली. मग परत जाऊन खुर्चीत बसली. फोन वाजला. महेश एका माणसाकडून कुत्र्याचं वजन लिहून घेत होता, म्हणून तिनेच तो उचलला. पेरुंगुडीहून कुणी बाई बोलत होत्या, त्यांना सशाची नखं कापून हवी होती, आणि हरिप्रियाने त्यांना गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ लिहून दिली.